जिराई-केई पोशाख: काय शिवायचं, काय गाळायचं

कॉसप्लेचा मोसम जवळ आला की 'जिराई-केई शिवून द्याल का?' म्हणत मुली माझ्याकडे येतात. जिराई-केई म्हणजे गुलाबी-काळा, लेस-रिबिनींचा जपानी पेहराव. फोनमध्ये ढीगभर फोटो साठवलेले असतात. मी आनंदाने शिवून देते. पण हा वेश कुठून आला, हेही माप घेता घेता सांगते. ज्या घरीच शिवणार आहेत, त्यांच्यासाठी दोन्ही गोष्टी इथे लिहिते.

आधी ब्लाउज. फिकट गुलाबी किंवा काळं पॉपलिन घ्या. जॉर्जेट नको, त्यात कॉलर पडते. कॉलर गोल, आत पातळ बकरम, कडेला अर्ध्या इंचाची लेस. छातीवर उभ्या बारीक पिनटक. त्या सपाट कापडावर आधी घालून, इस्त्री मारून घ्या आणि मगच पुढचा भाग कापा. आधी कापलात तर छातीत हमखास कमी पडतं. गळ्याशी काळ्या मखमली रिबिनीचा बो, खांद्याला पफ, मनगटाला इलॅस्टिक. खाली गुडघ्याच्या बराच वर येणारा काळा घेरदार स्कर्ट, त्याला अस्तर हवंच. जाड तळाचे बूट, दोन बाजूंना बांधलेले केस, बॅगेला कुरोमी नाहीतर माय मेलडी या जपानी कार्टून-सशांची बाहुली. आणि डोळ्यांखाली लालसर रंग, नुकतंच रडून झाल्यासारखा.

तो लाल रंग लावण्याआधी पुढचं वाचा.

'जिराई' म्हणजे भूसुरुंग. दिसायला गोड, पण जवळ गेलं की फुटणारी, अशा अर्थाने मुलींना हिणवायला हा शब्द वापरला जायचा. 2020 च्या आसपास तोच या पेहरावाचं नाव झाला. तोक्योत शिंजुकूच्या काबुकिचो भागात तोहो या सिनेमा कंपनीची इमारत आहे, गच्चीवरून गॉडझिलाचं डोकं डोकावतं ती. तिच्या बाजूला घरात मार खाल्लेली, छळ सोसलेली, कुणालाच नकोशी झालेली मुलं जमू लागली. काही तर शाळकरी वयाची. त्यांना 'तोयोको किड्स' म्हणतात. त्यांच्यातल्या अनेक मुलींच्या अंगावर हाच गुलाबी-काळा वेश दिसायचा. जिराई-केई घालणारी प्रत्येक मुलगी तिथली नसते. दुकानातून हौसेने घेऊन मिरवणाऱ्याही पुष्कळ आहेत. पण या वेशाला जो दुखरा रंग आहे, तो या गल्ल्यांमधला आहे.

याच भागात होस्ट क्लब आहेत. देखणे तरुण मुलींशी प्रेमाने बोलतात, महागड्या बाटल्या उघडायला लावतात. पैसे नसतील तर नावावर उधारी, म्हणजे 'उरिकाके'. घरी ज्या मुलीची कुणी साधी विचारपूस केली नाही, तिला तिथे रोज कुणीतरी नावाने हाक मारतं. उधारी फुगली की फेडायला देहविक्रय. जवळच्या ओकुबो पार्कच्या कडेला अशाच मुली उभ्या राहू लागल्या. 2022 मध्ये जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय 20 वरून 18 वर आलं, म्हणजे अठराव्या वर्षीच पालकांशिवाय करारावर सही. ग्राहकाच्या प्रेमभावनेचा गैरफायदा घेऊन खर्च करायला लावणं आणि वसुलीसाठी देहविक्रयाकडे ढकलणं, यावर बंदी आली ती थेट 2025 मध्ये. माझा संताप होतो तो आणखी एका गोष्टीने: जपानच्या 1956 च्या देहविक्रयविरोधी कायद्याने शिक्षा ठेवली ती गिऱ्हाईक शोधणाऱ्या बाईला. सज्ञान बाईला विकत घेणारा पुरुष मोकळा.

म्हणून काही गोष्टी मी शिवत नाही, तुम्हीही शिवू नका. मनगटावर खोटी पट्टी, लाल धाग्याने भरलेले व्रण, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची माळ, फोटोसाठी हातात स्ट्रॉ घातलेला दारूचा कॅन. तिथल्या मुलींनी दुकानात सहज मिळणारी औषधं भलत्या प्रमाणात गिळली आहेत, त्यातून काहींना थेट रुग्णालयात हलवावं लागलं आहे. त्याचा दागिना होत नाही. डोळ्यांखालचा लाल रंगही माझ्या मते पीचवर आणा, चेहरा उलट जास्त खुलतो. नुसती झालर आणि रिबिनीच आवडत असतील तर 'र्योसानगाता' हा याच्याच जवळचा जपानी पेहराव शिवा: कॉलर हीच, कापड पांढरं, बेज किंवा फिकट गुलाबी, काळा अगदी बेताचा.

दुसऱ्या कुणासाठी शिवत असाल तर एक सांभाळा. मनगटाचं माप घेताना कधी खरे व्रण दिसतात. चारचौघांत एक शब्द काढू नका, चेहऱ्यावर दाखवू नका. बाही लांब ठेवा आणि मनगटाचं इलॅस्टिक सैल घाला, म्हणजे काचणार नाही. कपडे न्यायला ती येईल तेव्हा एकटी असताना 'बरी आहेस ना गं?' एवढंच विचारा आणि ती बोलली तर मध्ये न तोडता ऐका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून तिच्या हातात द्या. तिथे चोवीस तास, फुकट आणि मराठीतून बोलता येतं.