काही जण हॉलमध्ये, काही जण फोनवर : सोसायटीची ऑनलाइन सभा कशी घ्यावी

सोसायटीची सभा आता बऱ्याचदा दोन्हीकडे भरते. काही सभासद हॉलमध्ये खुर्च्यांवर असतात, कुणी ऑफिसमधून फोनवर, कुणी मुलीकडे राहायला गेलेले आणि तिथून टॅबवर, तर एखाद्या फ्लॅटचे मालक थेट न्यू जर्सीहून. अशा सभेत चित्र अडखळले तरी काम चालते. आवाज अडखळला की सभाच थांबते. म्हणून तयारीत आधी आवाज, मग चित्र. उदाहरणे झूम आणि गूगल मीटची घेतली आहेत, पण बाकीच्या ॲपमध्येही अडचणी याच येतात.

आधी वेळेची मर्यादा पाहा

झूमच्या मोफत खात्यात 100 जण येऊ शकतात, पण 40 मिनिटांनी सभा बंद होते. मीटच्या मोफत खात्यातही 100 जण, आणि तीन किंवा जास्त माणसे असतील तर 60 मिनिटे. इतिवृत्त वाचून, हिशेब मांडून लिफ्टच्या खर्चावर चर्चा सुरू होईपर्यंत एवढा वेळ सहज जातो आणि मग ऐन मतदानात सगळे बाहेर फेकले जातात. वार्षिक सभेसाठी एका महिन्याचा सशुल्क प्लॅन घेणे हा सरळ मार्ग आहे. मात्र त्याचे दर महिन्याला आपोआप नूतनीकरण होते, म्हणून नूतनीकरणाची ती सोय प्लॅन घेतल्या दिवशीच बंद करून ठेवा.

लिंक तयार करणे

झूममध्ये ‘शेड्यूल’ वर जाऊन तारीख, वेळ भरा. मीटिंग आयडीसाठी दोन पर्याय दिसतात : आपोआप तयार होणारा आणि तुमचा कायमचा वैयक्तिक आयडी. पहिला घ्या. वैयक्तिक आयडी दर वेळी तोच असतो, त्यामुळे जुनी लिंक जवळ असलेला माणूस पुढच्या कोणत्याही सभेच्या दारात येऊन उभा राहू शकतो. पासकोड आणि ‘वेटिंग रूम’ (परवानगी मिळेपर्यंत बाहेर थांबायची जागा) दोन्ही चालू ठेवा.

लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना ‘कॉपी’ करूनच टाका. झूमच्या लिंकच्या शेपटीत पासकोड दडलेला असतो. हाताने टाइप करताना ती शेपटी गळली की पासकोड मागितला जातो आणि मग चिटणीसांना फोनवर फोन. त्यामुळे लिंकखाली आयडी आणि पासकोड वेगळे लिहा, आणि एक ओळ जोडा : ‘आत येताना नावात फ्लॅट क्रमांक लिहावा, उदा. बी-304 कुलकर्णी.’ नुसते ‘सॅमसंग’ किंवा ‘आयफोन’ असे नाव दिसले तर वेटिंग रूममधून कुणाला आत घ्यायचे, हे होस्टला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, कळणार कसे?

परदेशात कुणी असेल तर वेळ दोन्हीकडची लिहा. संध्याकाळी 7:30 म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे 10, हिवाळ्यात 9. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळे बदलतात, तेव्हा जास्त जपा.

फोनवरून येणाऱ्यांसाठी

ॲप आदल्या दिवशीच डाउनलोड आणि अपडेट करा. मीट फोनवर वापरायला ॲप असलेले बरे. संगणकावर मात्र ते ब्राउझरमध्येच चालते.

लिंक दाबली, नाव लिहिले, आत आलो, आणि काहीच ऐकू येत नाही. ज्येष्ठ सभासदांची ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच असते : झूममध्ये आत आल्यावर आवाज वेगळा जोडावा लागतो. ‘जॉइन ऑडिओ’ दाबून ‘वायफाय ऑर सेल्युलर डेटा’ निवडावे लागते. घाईत तो चौकोन बंद केला तर खाली माइकच्या जागी हेडफोनचे चित्र दिसत राहते. होस्टने ही खूण लक्षात ठेवावी. सभासदांच्या यादीत ज्याच्या नावापुढे माइकचे चित्रच नाही, त्याला आवाज जोडलेलाच नाही. त्याला ‘अनम्यूट करा’ सांगून उपयोग नाही.

दुसरे कारण परवानगी. पहिल्यांदा ॲपने माइकची परवानगी मागितली तेव्हा चुकून नकार दिला असेल, तर आयफोन पुन्हा विचारत नाही. सेटिंग्जमध्ये खाली (नव्या आयओएसमध्ये ‘ॲप्स’ च्या आत) ॲपच्या नावावर जाऊन मायक्रोफोन आणि कॅमेरा चालू करा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, त्यातले ते ॲप, मग परमिशन्स.

सभेत असताना फोन आला तर तो माइक आपल्याकडे ओढून घेतो. तो कॉल घेतला तर सभेतला तुमचा आवाज तुटतो, आणि कॉल संपल्यावर तो परत जोडावा लागू शकतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून बसलेले बरे. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून आडवा ठेवा आणि चार्जरला लावा.

आता डेटा. झूमवर गटाच्या व्हिडिओ सभेला ताशी साधारण 800 एमबीपासून 2.4 जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या 1.5 जीबीच्या पॅकवर दोन तासांची सभा पूर्ण होईलच असे नाही. ज्यांच्याकडे वायफाय नाही त्यांनी स्वतःचा कॅमेरा बंद ठेवावा. नेट कमजोर असतानाही हाच पहिला उपाय.

लॅपटॉपवरून

इथे घोळ होतो तो चुकीचा माइक निवडला गेल्यामुळे. ब्लूटूथ इअरबड फोनला जोडलेले राहतात आणि लॅपटॉपवर आपण ओरडत बसतो. झूममध्ये माइकच्या चित्राशेजारच्या बाणावर कोणता माइक आणि कोणता स्पीकर चालू आहे ते दिसते, तिथेच बदला. फोनचा वायरवाला हेडसेट जुन्या डेस्कटॉपला लावला तर बऱ्याचदा ऐकू येते पण बोलता येत नाही, कारण तिथे माइक आणि हेडफोनची भोके वेगळी असतात. दोन पिनांचा स्प्लिटर लागतो.

मॅकवर स्क्रीन शेअर होत नसेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ मध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्या आणि झूम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ॲप बंद केल्याशिवाय ती लागू होत नाही.

हॉलमधला आवाज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी चाचणी घ्या.

लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडला की आवाज सहसा आपोआप टीव्हीतून येऊ लागतो. घरून बोलणाऱ्यांचे हॉलमध्ये छान ऐकू येते. उलट दिशेचे काय? लॅपटॉपचा माइक समोर बसलेल्या एका माणसासाठी बनवलेला असतो. तिसऱ्या रांगेतून बोललेले घरच्यांना पंख्याच्या घरघरीत बुडालेले ऐकू येते. चांगला उपाय म्हणजे मध्यभागी टेबलावर ठेवायचा यूएसबी स्पीकरफोन. त्यात माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असतात. तो जोडला की टीव्हीचा आवाज बंद करा आणि माइक, स्पीकर दोन्हीसाठी तोच निवडा.

तो नसेल तर एक फोन सभेत जोडून हातोहात फिरवता येतो, पण नियम पाळूनच. त्या फोनचा स्पीकर शून्यावर, आणि लॅपटॉपचा माइक म्यूट. हॉलमध्ये एका वेळी एकच माइक उघडा हवा. दोन उपकरणांचे माइक आणि स्पीकर एकत्र चालू राहिले की एकाचा आवाज दुसरा उचलतो, तो पुन्हा पहिल्यातून निघतो, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. हॉलमध्ये कुणीही ‘बघू तरी’ म्हणून आपल्या फोनवर सभा उघडू नये ते यासाठीच.

एवढे करूनही घरच्यांना स्वतःचेच शब्द परत ऐकू येतील. त्याचे कारण असे : ॲप प्रतिध्वनी कापते ते आपल्याच उपकरणाच्या स्पीकरमधून काय बाहेर गेले हे माहीत असल्यामुळे. फिरवायच्या फोनला टीव्हीतून काय वाजते आहे याचा पत्ता नसतो, म्हणून तो ते सरळ परत पाठवतो. उपाय साधा आहे. घरून कुणी बोलत असताना फिरवायचा फोन म्यूट करा. हे काम एकाच तरुण सभासदाकडे द्या, आणि सभाभर त्याने दुसरे काही करू नये.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर एका फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहा.

सभा चालवताना

होस्टने दोन ठिकाणांहून आत असावे. झूमवर एकच खाते एकाच वेळी एका संगणकावर आणि एका फोनवर चालते. फोनवर आवाज न जोडता नुसते आत राहा. लॅपटॉपचे नेट गेले तरी सभेचा ताबा सुटत नाही. सुरुवातीला ‘म्यूट ऑल’ करा. ज्याला बोलायचे आहे त्याने हात वर करायचे बटण दाबावे. विंडोज संगणकावर ऑल्ट आणि ए एकत्र दाबले की झूमचा माइक चालू-बंद होतो. मीटमध्ये कंट्रोल आणि डी.

हिशेबपत्रक दाखवताना पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती फाइल उघडलेली खिडकी निवडा. फोनवरून शेअर केले तर वरून आलेला संदेश, अगदी बँकेचा ओटीपीसुद्धा, सगळ्यांना दिसू शकतो. एखादा व्हिडिओ दाखवायचा असेल तर झूममध्ये शेअर करतानाच ‘शेअर साउंड’ वर खूण करा, नाहीतर मूक चित्रपट चालतो.

रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच सभेला सांगा. झूमच्या मोफत खात्यात रेकॉर्डिंग संगणकावरच होते, फोनवर नाही. शेवटी ‘लीव्ह’ नव्हे, ‘एंड मीटिंग फॉर ऑल’ दाबा. त्यानंतर रेकॉर्डिंगची फाइल तयार होत असल्याची पट्टी सरकताना दिसते. ती पूर्ण होईपर्यंत लॅपटॉपचे झाकण मिटू नका आणि चार्जरही काढू नका.