फ्रीबीएसडीची खात्रीची माहिती कुठे मिळते

फ्रीबीएसडी ही युनिक्स वळणाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिची कागदपत्रं शोधण्याआधी आपली आवृत्ती बघून घ्या. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -के -यू’ चालवलं की पहिल्या ओळीत कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आणि दुसरीत बाकी सिस्टिमची आवृत्ती येते. दोन्हींच्या पॅचचे (दुरुस्त्यांचे) आकडे वेगळे दिसले तर बिघाड समजू नका. पॅच कर्नलला लागत नसेल, तर त्याचा आकडा जुनाच राहतो.

मग मॅन पेज, म्हणजे ‘मॅन’ कमांडने उघडणारी सिस्टिममधलीच माहितीची पानं. ती क्रमांकाच्या विभागांत वाटलेली असतात आणि इथे बहुतेकांची गाडी विभागावर अडते. क्रॉनटॅब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ लिहिलं तर पहिल्या विभागातली कमांडची माहिती उघडते. फाइलमधली ओळ कशी लिहायची ते पाचव्या विभागात आहे, म्हणून ‘मॅन ५ क्रॉनटॅब’. मिनिट, तास, तारीख, महिना, वार हा क्रम तिथे आहेच, शिवाय एक महत्त्वाची गोष्टही आहे: ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतल्या सिस्टिमच्या क्रॉनटॅबमध्ये सहावा रकाना वापरकर्त्याच्या नावाचा असतो, स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये नसतो. तिथली ओळ जशीच्या तशी इकडे उचलली की ‘रूट’ (मुख्य प्रशासकाचं नाव) हीच कमांड समजली जाते आणि काम होत नाही. सर्वसाधारण कमांड पहिल्या विभागात, ड्रायव्हर चौथ्यात, फाइलींची रचना पाचव्यात आणि व्यवस्थापनाच्या कमांड आठव्यात, एवढं लक्षात ठेवलं तरी रोजचं भागतं.

कमांडचं नावच आठवत नसेल तर ‘मॅन -के’ आणि पुढे एखादा शब्द. काहीच सापडलं नाही तर सूची तयार झालेली नसण्याची शक्यता असते. रूट होऊन एकदा ‘मेकव्हॉटइज’ चालवा.

आरसी-कॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये काय काय लिहिता येतं हे बघायला ईटीसीतल्या डिफॉल्ट्स डिरेक्टरीतली त्याच नावाची फाइल वाचा. फक्त वाचा, बदल ईटीसीतल्या मूळ आरसी-कॉन्फमध्येच करायचे. नमुना फाइली यूएसआर, शेअर, एक्झाम्पल्स या वाटेवर आहेत, आणि त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. पॅकेजसोबत कोणती कागदपत्रं आली हे ‘पीकेजी इन्फो -एल’ दाखवतं. इन्स्टॉल करताना सरकन निघून गेलेली सूचना ‘पीकेजी इन्फो’लाच मोठा ‘डी’ देऊन पुन्हा वाचता येते.

ऑनलाइन शोधताना पहिला मान अधिकृत हँडबुकचा. प्रकल्पाच्या साइटवर मॅन पेजही आहेत आणि तिथे आवृत्ती निवडता येते, ती न विसरता निवडा. सर्च इंजिन मात्र बऱ्याचदा लिनक्सची उत्तरं पुढे करतं. फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारं ‘सेड -आय’ घ्या: लिनक्सवर पुढे थेट बदलाचा आदेश चालतो, पण इथे लगेचचा शब्द बॅकअप फाइलचा प्रत्यय धरला जातो. मग फाइलचं नावच आदेश म्हणून वाचलं जाऊन चूक येते. बॅकअप नको असेल तर मध्ये रिकामं अवतरणचिन्ह द्या.

छापील पुस्तकांत मायकल लुकास यांचं ‘ॲब्सोल्यूट फ्रीबीएसडी’, तिसरी आवृत्ती, २०१८. मांडणी उत्तम, पण नोव्हेंबर २०२३ च्या १४.० मध्ये मेल पाठवायला सेंडमेलच्या जागी डीएमए आलं आणि रूटचं शेल (कमांड स्वीकारणारा प्रोग्राम) सीएसएचऐवजी एसएच झालं, त्यामुळे मेलचा आणि शेलचा भाग पडताळूनच वापरा. कर्नलच्या पोटात शिरायचं असेल तर मॅककुसिक, नेव्हिल-नील आणि वॉटसन यांच्या फ्रीबीएसडीच्या अंतर्गत रचनेवरच्या ग्रंथाची २०१४ ची दुसरी आवृत्ती घ्या. रोजच्या कारभाराला तिचा उपयोग नाही.

अख्खं हँडबुक छापू नका. नेटवर्कचं प्रकरण तेवढं कागदावर असू द्या, कारण नेट बंद पडल्यावर लागतं तेच. एखादं मॅन पेज छापायचं तर ‘मॅन -डब्ल्यू’ने फाइलची वाट काढा आणि ती मॅन पेजची मांडणी करणाऱ्या ‘मॅनडॉक’ला मोठा ‘टी’ व ‘पीडीएफ’ लावून द्या. आउटपुट फाइलमध्ये वळवायला विसरू नका, नाहीतर टर्मिनलभर कचरा उमटतो.