उडणारा चोर बनवताय? या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेत एका मित्राच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आमचं डी अँड डीचं टेबल बसतं. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. मी बहुतेक वेळा डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, असतो, आणि उडणारा चोर घेऊन येणारा नवा खेळाडू दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी भेटतोच. या पात्राचं इंग्रजी नाव 'रोग' (rogue), पण ते देवनागरीत लिहिलं की आजार वाटतो, म्हणून इथे चोरच म्हणतो. टेबलावरही आम्ही तेच म्हणतो. नियम डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ पासूनचे.

पहिल्याच लेव्हलला पंख देणाऱ्या जाती आहेत. आराकोक्रा (पक्षीमानव), आउलिन (घुबडमानव), फेअरी (परी), शिवाय पंखवाला टीफलिंग (सैतानी वंशाचा). यातली एक उचलायची, चोराचा क्लास, म्हणजे पेशा, जोडायचा, कुठल्यातरी व्हिडिओतून बिल्ड (पात्राचा तयार आराखडा) उतरवून घ्यायचा आणि दहा मिनिटांत टेबलावर यायचं, असा हल्ली रिवाज झालाय. शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, तयार असते, पण त्यावर लिहिलेली एकही गोष्ट त्या खेळाडूने वाचलेली नसते. पुढे जे होतं ते बहुतेक याच एका कारणाने.

हवेत राहून स्टेडी एम

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती करणारा माणूस आळशी नसतो, उलट उत्साही असतो.

स्टेडी एम, म्हणजे थांबून नेम धरणं, २०२० मध्ये ऐच्छिक नियम म्हणून आलं आणि २०२४ च्या पुस्तकात चोराच्या तिसऱ्या लेव्हलला कायमचं बसलं. बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) खर्च करा, पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) मिळवा. अट दोन कलमांची: त्या टर्नला तुम्ही हललेले नसावेत, आणि टर्न संपेपर्यंत तुमचा वेग शून्य होतो. जमिनीवर याने काही बिघडत नाही. पण उडण्याचा नियम सांगतो की उडणाऱ्याचा वेग शून्य झाला आणि त्याला हवेत तरंगता येत नसेल, तर तो पडतो. पंख फडफडवणाऱ्या या जातींना तरंगता येत नाही. म्हणजे तुम्ही नेम धरायला थांबलात की खाली आलात, तेही बाण सुटण्याच्या आधी.

मे महिना होता. कूलर इतका घरघरत होता की मला ओरडून बोलावं लागत होतं. फर्स्ट इयरची एक पोरगी आमच्याकडे तिसऱ्यांदा आली होती. तिने आउलिन चोराची मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, स्वतः रंगवून आणली होती, प्रत्येक पिसाला वेगळी छटा. लेव्हल तीन, एचपी (पात्राचा जीव मोजणारे गुण) एकवीस. पुलावर गॉब्लिनांशी लढाई लागली. पहिल्या टर्नला ती तीस फूट वर गेली, कनिंग ॲक्शनने, म्हणजे चोराच्या खास चपळाईने, डॅश (जादा धाव) घेऊन आणखी तीस. साठ फुटांवरून शॉर्टबो मारला आणि एक गॉब्लिन पाडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या टर्नला ती म्हणाली, "दादा, मी हलत नाही, स्टेडी एम घेते."

मी विचारलं, "नक्की?"

"हो ना दादा, मी तर वर आहे, मला काऊन लागेल?"

पडण्याचं नुकसान दर दहा फुटांना एक डी६ (सहा बाजूंचा फासा). साठ फुटांना सहा फासे, सरासरी एकवीस. तिचे पडले तेवीस. एकवीस एचपीची चोर दोन गॉब्लिनांच्या मधोमध बेशुद्ध पडली. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून हल्ला लागला की तो क्रिटिकल (जबर घाव) धरतात आणि मरणाच्या दोन खुणा एकदम चढतात. दोघांचेही हल्ले लागले, आणि चोर मेली. तिने शीट घडी करून बॅगेत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत फारसं बोलली नाही.

माझं "नक्की?" विचारणं पुरेसं नव्हतं. तिला नियम माहीतच नव्हता, तर ती काय विचार बदलणार? आता माझ्या टेबलावर कोणी पहिल्यांदा हवेत स्टेडी एम म्हटलं की मी खेळ थांबवतो आणि तो नियम मोठ्याने वाचतो. दुसऱ्यांदा थांबवत नाही.

उपाय साधा आहे. आधीच्या टर्नला छपरावर, फांदीवर, कमानीवर, कशावर तरी बसा. पुढच्या टर्नला तिथूनच स्टेडी एम घ्या. वेग शून्य झाला तरी पाय टेकलेले आहेत, पडायचा प्रश्नच नाही. माझा स्वतःचा चोर असतो तेव्हा मी मिनीखाली कॅरमच्या सोंगट्या रचतो, दर दहा फुटांना एक. चार सोंगट्यांवर डगमगणारी मिनी समोर दिसली की पडण्याचे चार फासे आपोआप आठवतात. शीटच्या कोपऱ्यात आकडा लिहून ठेवणारे पाहिलेत, पण लढाईत कोपऱ्यात कोणी बघत नाही.

आणि हो, पडताना चोराचा अनकॅनी डॉज (मार निम्मा करणं) चालत नाही, तो हल्ल्यासाठी आहे. इव्हेजनही (अंग चोरून वाचणं) नाही, कारण पडण्याला डेक्स्टेरिटी सेव्हच (चपळाईने वाचण्याचा फासा) नसतो. आर्केन ट्रिकस्टर (जादू येणारा चोर) असाल तर तिसऱ्या लेव्हलला कुठल्याही शाखेतला एक मंत्र घेता येतो. २०१४ च्या नियमांत तो फेदर फॉल (पडणं हळू करणारा मंत्र) घ्या. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

वरून दिसतो म्हणून मागच्या जादूगाराला मारणं

चोराचं सगळं बळ स्नीक अटॅकमध्ये, म्हणजे डाव साधून केलेल्या हल्ल्याच्या जादा मारात आहे. पाचव्या लेव्हलला तीन डी६, म्हणजे सरासरी साडेदहा. शॉर्टबोचा एक डी६ आणि चारचा डेक्स्टेरिटी बोनस मिळून साडेसात. अर्ध्याहून जास्त मार स्नीक अटॅकचा. तो मिळायला ॲडव्हांटेज हवा, नाहीतर लक्ष्यापासून पाच फुटांत तुमचा साथीदार उभा हवा.

नवा खेळाडू वर जातो, त्याला शत्रूंच्या मागे लपलेला जादूगार दिसतो, आणि त्याच्यावर बाण सोडतो. त्या जादूगाराजवळ आपलं कोणीच नाही. साडेसातचा मार देऊन तो पुढच्या टर्नला सगळ्या तिरंदाजांचं लक्ष्य बनतो. खाली फायटर (तुमच्या गटातला योद्धा) ज्या राक्षसाशी झटतोय, त्यालाच मारा. दिमाखदार वाटत नसेल, पण अठराचा मार तिथेच आहे.

अंतराचं भान हे याच चुकीचं दुसरं टोक. तिळसंक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पतंग किती उंच आहे यावर मांजा किती सुटला हे ठरत नाही, तो तिरका मोजावा लागतो. साठ फूट वर आणि साठ फूट पुढे म्हणजे तिरके साधारण पंच्याऐंशी. शॉर्टबोचा साधा पल्ला ऐंशी. त्यापुढे डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान धरणं), आणि डिसॲडव्हांटेज असला की स्नीक अटॅक गेला, साथीदार शेजारी असला तरी. चौकटींवर खेळणारी काही टेबलं तिरकं अंतर सरळच मोजतात, म्हणून पहिल्या दिवशीच डीएमला विचारून घ्या. हँड क्रॉसबो तीस फूट, फेकलेला खंजीर वीस. या दोन्हींसाठी वर जायचं कारणच काय, ते मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही.

लपणं तर विसराच. मोकळ्या आभाळात आड जायला काही नसतं. कौलांमागे, धुराड्यामागे, झाडाच्या गच्च पानांत लपता येतं, म्हणून मी पंखांकडे शिडी म्हणून बघतो. शिडीने माडीवर चढायचं असतं, शिडीवर राहायचं नसतं.

बाकीच्या, थोडक्यात

फायटरची एक लेव्हल घेऊन मध्यम चिलखत चढवलं की आराकोक्रा, आउलिन आणि फेअरी तिघांचेही पंख बंद. हे शीट भरतानाच बघा.

मित्राला उचलून दरी ओलांडणं: आठ स्ट्रेंग्थचा चोर १२० पौंड वाहतो, म्हणजे चोपन्न किलो. फायटरचं प्लेट चिलखतच ६५ पौंडांचं आहे, आणि आत माणूस आहे.

शत्रूजवळून उडून निघालात की संधी-हल्ला होतो, म्हणजे जाता जाता तो एक वार घालतो. खेळातल्या साध्या घुबडाला फ्लायबाय (संधी-हल्ल्याविना उडून जाणं) मिळतं, तुम्हाला नाही. कनिंग ॲक्शनने डिसएंगेज (वार न खाता निसटणं) घ्या, नाहीतर स्वॅशबकलर (चोराचाच एक उपप्रकार) व्हा. त्याने ज्याच्यावर वार केला तो त्या टर्नला त्याच्यावर संधी-हल्ला करू शकत नाही.

होल्ड पर्सन या मंत्राने आराकोक्रा आणि आउलिन जागच्या जागी थिजतात, म्हणजे पडतात. फेअरी मानवाकृती गणली जात नाही, तिच्यावर तो मंत्र चालत नाही. पंख हवेतच असतील तर माझी पसंती फेअरीला, ती याच कारणाने.

दहा फुटी छताच्या तळघरात पंखांचा उपयोग नाही. तुमचा डीएम कुठली मोहीम चालवणार आहे ते विचारल्याशिवाय जात ठरवू नका.

घाई असेल त्याला मी एकच सांगतो: आधी तीन-चार रविवार बिनपंखांचा चोर खेळ, शत्रूच्या पाठीमागे कसं जायचं ते जमिनीवर शीक. पंख नंतर विंग्ड बूट्स या जादुई बुटांतूनही मिळतात. त्यांची मुदत हवेत संपली तर ते तुम्हाला दर राउंडला तीस फूट असं हळू खाली आणतात, आपटत नाहीत.

त्या पोरीने पुढच्या महिन्यात तीच रंगवलेली मिनी परत आणली, नवीन नावाने. आता ती लढाईच्या पहिल्याच टर्नला मला विचारते, "दादा, इथे बसायला काय काय आहे?"