तिसरं अपत्य झालं तर कोणता लाभ जातो, कोणता राहतो: ‘दोन मुलांची अट’ तपासायची कशी

ग्रामसभेत किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर योजनांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘दोनच्या वर मुलं असतील त्यांचे सगळे लाभ बंद करा.’ पाठोपाठ कुणीतरी सांगतं, ‘बंदच आहेत, तुम्हाला माहीत नाही.’ पहिलं वाक्य मत आहे, त्यावर वाद घालता येतो. दुसरं चुकीचं आहे. त्या चुकीपायी तिसऱ्या खेपेला दिवस राहिलेली बाई नाव नोंदवायला उशीर करते, बाळाचा जन्मदाखला निघत नाही, रेशनकार्डात नाव चढत नाही. नुकसान होतं ते त्या बाईचं आणि बाळाचं.

महाराष्ट्रात ‘दोन अपत्यं’ अशी एक सरसकट अट नाही. प्रत्येक कायद्याची, प्रत्येक योजनेची अट वेगळी, तिची तारीख वेगळी आणि मुलं मोजण्याची रीतही वेगळी. म्हणून आधी घराची माहिती कागदावर मांडायची आणि मग ज्या लाभाचा प्रश्न आहे त्याची अट तिच्याशी ताडून पाहायची.

घराचा तक्ता

वहीच्या एका पानावर प्रत्येक अपत्यासाठी एक ओळ घाला. जन्मतारीख (जन्मदाखल्यावरची, शाळेतली नव्हे), मुलगा की मुलगी, हयात आहे की नाही, कितव्या प्रसूतीचं, जुळं आहे का, दत्तक आहे का, आणि आईवडिलांपैकी कुणाचं पहिल्या लग्नाचं आहे का. शेवटचे रकाने अनेक जण सोडतात आणि नेमके तिथेच अडकतात. शाळेतली तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळत नसेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जात तीच तफावत पुन्हा डोकं वर काढते.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यापुढे लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा आहे. तिसरं आहे म्हणून नोंद टाळली तर लाभ वाचत नाही, फक्त मूल कागदावरून गायब होतं.

अट लागते तिथे मोजणी कशी होते

सगळ्यात कडक मोजणी निवडणुकीची. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या सदस्यत्वाला दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर अपात्रता येते. ग्रामपंचायत अधिनियमात ही अट कलम १४ मध्ये आहे. दुरुस्ती १३ सप्टेंबर २००० रोजी लागू झाली आणि पुढे एक वर्षाची मुभा होती, म्हणून व्यवहारात प्रश्न असतो तो १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याचा. त्याआधीच तीन-चार मुलं होती आणि नंतर संख्या वाढली नाही, तर अपात्रता नाही. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. एक अपत्य असताना पुढच्या प्रसूतीत जुळं झालं तर ते एकच धरतात. आधी जुळं आणि मग तिसरं, हे मात्र त्या सवलतीच्या शब्दांत बसत नाही. सदस्यत्व वाचवायला स्वतःचं मूल दुसऱ्याला दत्तक देणंही उपयोगाचं नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आमदारकी-खासदारकीला अशी अट नाही. नियम सरपंचाला आहे आणि आमदाराला नाही, हे ग्रामसभेत मोठ्याने सांगण्यासारखं आहे.

राज्य सरकारच्या नोकरीला ‘लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन’ नियम, २००५ लागतात. अ, ब, क आणि ड या चारही गटांच्या नेमणुकीला नमुना ‘अ’ मधलं प्रतिज्ञापन द्यावं लागतं. नियम २८ मार्च २००५ चे आणि इथेही वर्षाची मुभा होती. म्हणून हिशेबाची तारीख २८ मार्च २००६. निवडणुकीची तारीख इथे लावू नका. ही चूक भरतीच्या अर्जांत खूप होते. प्रतिज्ञापनात खोटं लिहिलं तर नोकरी लागल्यानंतरही ती जाऊ शकते.

प्रसूती रजेत मोजतात ती *हयात* अपत्यं. राज्य सरकारी नोकरीत दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर १८० दिवसांची रजा. खासगी क्षेत्रात प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाले; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली, तरतूद तीच आहे. दोन किंवा जास्त हयात अपत्यं असतील तर १२ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ६. म्हणजे तिसऱ्या वेळी रजा कमी होते, नाहीशी होत नाही. ‘तिसऱ्याला रजाच नाही’ असं कंपनीत कुणी सांगितलं तर या संहितेचं कलम ६० दाखवा. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं, एवढं पाहा. पुनर्विवाहाच्या बाबतीत एक निकाल जवळ ठेवा. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेची पहिल्या लग्नाची दोन मुलं पहिल्या पतीकडे होती आणि दुसऱ्या लग्नातल्या बाळासाठी तिला रजा नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तो नकार रद्द केला आणि प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्काचा भाग आहे असं म्हटलं.

काही योजनांत मुलं नव्हे, *लाभार्थी* मोजतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती एका कुटुंबातल्या दोघांना मिळते. सुकन्या समृद्धीची खाती दोन मुलींची उघडतात आणि जुळ्या-तिळ्यांसाठी अपवाद आहे. मोठ्या दोघा भावंडांनी शिष्यवृत्ती घेतलीच नसेल तर धाकट्याने अर्ज न करता घरी बसू नये.

मातृवंदना आणि लेक लाडकी: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. जन्माची नोंद आणि पहिल्या १४ आठवड्यांच्या लसी झाल्या की २,०००. दुसऱ्या अपत्याला लाभ आहे तो फक्त मुलगी झाली तर: जन्मानंतर एकरकमी ६,०००. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, पहिली मुलगी असली तरीही. दुसऱ्या मुलीचा अर्ज जन्मापासून २७० दिवसांत करायचा. ‘बाळंतपण झालं, आता करू’ म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात ती बाई नव्याने पात्र धरली जाते, म्हणून त्या गर्भपाताचा किंवा मृतजन्माचा दवाखान्यातला कागद जपून ठेवा.

लेक लाडकी योजना पिवळ्या आणि केशरी कार्डधारक कुटुंबांसाठी आहे, वार्षिक उत्पन्न १ लाखापर्यंत. मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेली हवी. एक किंवा दोन मुली, किंवा एक मुलगा-एक मुलगी असेल तर त्या मुलीला लाभ. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १,०१,००० रुपये. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र पहिल्या हप्त्याला लागत नाही. पहिल्या अपत्याच्या *तिसऱ्या* हप्त्याला आणि दुसऱ्या अपत्याच्या *दुसऱ्या* हप्त्याला ते लागतं. पहिल्याच मुलीच्या जन्मानंतर ‘आधी ऑपरेशन, मग अर्ज’ असं कुणी सांगत असेल तर ते शासन निर्णयात नाही. दुसऱ्या प्रसूतीत जुळं झालं तर मुलगी एक असो वा दोन, लाभ मिळतो, मात्र त्यानंतर शस्त्रक्रिया करावी लागते.

निर्णयात शब्द ‘माता किंवा पिता’ असे आहेत. नसबंदी पुरुषाची झाली तरी चालते, आणि ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के निघाली. अट घराला आहे, टाके बाईच्या पोटावर पडतात. दाखला त्याच दिवशी हातात मिळत नाही. बाईला साधारण महिन्याने किंवा पहिल्या पाळीनंतर, पुरुषाला तीन महिन्यांनी वीर्यतपासणी होऊन मिळतो. शाळाप्रवेशाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत, पालकांचं आधार आणि पासबुक सोबत लागतं. पहिल्या हप्त्यासाठी बाळाचं आधार लागत नाही. पैसे न येण्याचं नेहमीचं कारण मुलांची संख्या नसून बँक असते. आईची दोन खाती असतात, आधार शेवटी जोडलेल्या खात्याला रक्कम जाते आणि ती अर्जातल्या खात्यात शोधत राहते. अर्जाआधी बँकेत ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ एवढं विचारून घ्या.

अट लागत नाही अशा ठिकाणी

रेशन मुलांच्या संख्येवर बंद होत नाही, उलट वाढतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, म्हणजे तिसऱ्या मुलाचं नाव चढलं की ५ किलो वाढायला हवेत. अंत्योदय कार्डावर मात्र कुटुंबाला ३५ किलो ठरलेले आहेत, तिथे वाढ नाही. नाव चढूनही धान्य सुरू झालं नाही तर तालुक्याचा इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थीसंख्या) भरला आहे का, हे पुरवठा शाखेत लेखी विचारा. लाडकी बहीण योजनेतही अपत्यांच्या संख्येची अट नाही. वय, उत्पन्न आणि कुटुंबातल्या अविवाहित महिलांपैकी एकीलाच लाभ, अशा अटी आहेत. अंगणवाडीचा आहार, लसीकरण, शाळेतली खिचडी, सहा ते चौदा वयाचं मोफत शिक्षण, सरकारी दवाखान्यातलं मोफत बाळंतपण, यांतलं काहीही तिसऱ्या मुलाला नाकारता येत नाही. जननी सुरक्षा योजनेतली अपत्यसंख्येची अट २०१३ मध्येच काढली गेली.

नाकारलं तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. ‘कोणत्या शासन निर्णयाच्या कोणत्या अटीनुसार?’ असं लिहून द्या आणि पोच घ्या. सेविकेकडून पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, असा क्रम आहे. तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतो. त्यावरच्या संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘नवीन निर्णया’वर संकेतांक नसेल किंवा शोधून सापडत नसेल तर तो पुढे पाठवू नका. मूळ निर्णय सापडला तरी त्यानंतरचं शुद्धिपत्रक आहे का ते पाहा.

वाद घालायचा असेल तर

समोरच्याचा मुद्दा आधी नीट ऐका. पैसा मर्यादित आहे, कुणाला किती द्यायचं ते ठरवावं लागतं, ही गोष्ट खरी आहे. पण लोकसंख्येचा आधार घेऊन कुणी बोललं तर आकडा सांगा: त्याच पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आहे, लोकसंख्या स्थिर राहण्याच्या २.१ या पातळीखाली. आंध्र प्रदेशाने तर स्थानिक निवडणुकीतली दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये काढूनच टाकली. कायद्याचा मुद्दा याहून भक्कम आहे. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ चं कलम ४ *प्रत्येक* गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देऊ करतं, फक्त सरकारी नोकरीतल्या बायका वगळून. कितवं बाळंतपण, याचा त्यात उल्लेख नाही. तो उल्लेख योजनेने आणला. ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर ‘अट काढा’ एवढंच लिहू नका. ‘कलम ४ प्रमाणे मातृवंदनेचा लाभ प्रत्येक प्रसूतीला द्यावा’ असं लिहा, सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात घालून घ्या आणि सहीशिक्क्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याच आठवड्यात मागून ठेवा.