सोसायटीत स्मृतिभ्रंशाविषयी जागृती कशी करावी

घरातील ज्येष्ठांच्या विसरण्याचा विषय एकतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेला जातो, किंवा लोक काय म्हणतील या धास्तीने दाराआड झाकला जातो. दोन्हींमुळे डॉक्टरांकडे जायला उशीर होतो. ठाण्यातील कोणत्याही सोसायटीला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला हे चित्र बदलण्याचे काम हाती घेता येईल. मात्र त्याची सुरुवात तज्ज्ञांच्या व्याख्यानाने करू नये, कारण व्याख्यानाला बहुधा तेच येतात ज्यांना विषयाची थोडीफार जाण आधीपासूनच असते.

प्रथम सांगायचा मजकूर नक्की करावा. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. मेंदूच्या निरनिराळ्या आजारांतून उद्भवणारी ती अवस्था आहे आणि अल्झायमर हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभर ज्येष्ठ राहत असलेल्या संकुलात अशी सातेक माणसे असू शकतात. आकडा असा आपल्या इमारतीच्या मापात सांगितला की तो ऐकणाऱ्याला जवळचा वाटतो. साध्या विसराळूपणातला आणि आजारातला फरकही उदाहरणानेच सांगावा: गॅसवर दूध ठेवून विसरणे कोणाचेही होते, परंतु जन्मभर पुरणपोळी केलेल्या बाईंना पुरणाचा क्रम आठवेनासा होणे, किंवा नौपाड्यात हयात घालवलेल्या गृहस्थांना राम मारुती रस्त्यावरून घरची वाट न सापडणे, ही तपासणीची वेळ आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात, हे आवर्जून सांगावे, कारण 'आता काही उपयोग नाही' या समजुतीला यासारखे दुसरे उत्तर नाही. ज्यांना अद्याप काहीच झालेले नाही त्यांच्यासाठीही सांगण्याजोगे आहे: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, एकटेपणा अशा १४ घटकांकडे वेळीच लक्ष दिल्यास जवळपास ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. श्रवणयंत्र लावायला लाजणाऱ्या मंडळींना हे वाक्य दोनदा ऐकवायला हरकत नाही.

त्यानंतर श्रोते निवडावेत. माझ्या मते पहिला मान फाटकावरच्या सुरक्षारक्षकांचा, मग रिक्षा थांब्यावरील चालकांचा, औषध दुकानदारांचा आणि घरकामाला येणाऱ्या महिलांचा. रक्षकांची पाळी बदलते तेव्हा वीस मिनिटे पुरतात. त्यांच्यापुढे एक प्रसंग ठेवावा: वागळे इस्टेटमधील कारखान्यातून कधीच निवृत्त झालेले आजोबा संध्याकाळी डब्याची पिशवी घेऊन 'दुसरी पाळी आहे' म्हणत फाटकाशी येतात. 'आजोबा, तुमची कंपनी बंद पडली' असे सांगितले की ते चिडतात आणि जोराने पुढे निघतात. त्याऐवजी खुर्ची पुढे करून 'बसा काका, गाडीला अजून वेळ आहे, पाणी घ्या' असे म्हणावे, कोणत्या खात्यात होता हे विचारावे आणि तेवढ्यात घरी फोन लावावा. हात धरून ओढू नये, भोवती गर्दी जमू देऊ नये. रक्षकांकडून हे प्रत्यक्ष करवून घ्यावे, नुसते सांगून ते लक्षात राहत नाही. घरच्यांची तयारी असेल तर त्यांचे दूरध्वनी क्रमांक रक्षकाच्या वहीत लिहून ठेवावेत. सूचना फलकावर मात्र लावू नयेत.

सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर महिना आणि २१ तारीख हा त्याचा दिवस. गणेशोत्सवही पुष्कळदा याच सुमारास येतो. आरती संपून प्रसाद वाटायला लागण्यापूर्वीची तीन-चार मिनिटे मंडळाकडून मागून घ्यावीत, कारण त्या वेळी जागचे कोणीही हलत नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मंचावर सर्वांदेखत स्मरणशक्तीची चाचणी घेऊ नये. ज्याला उत्तर येत नाही तो पुन्हा कार्यक्रमाला फिरकत नाही. आजारी व्यक्तीचे छायाचित्र कौतुकानेसुद्धा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

कार्यक्रमानंतर कोणीतरी जिन्यात गाठून हळूच 'आमच्या सासूबाईंचेही असेच होते' असे सांगेल. त्यांना तिथल्या तिथे निदान सांगू नये. काय बदलले, कधीपासून बदलले आणि कोणती औषधे चालू आहेत हे एका कागदावर लिहून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे व गरजेनुसार मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला सुचवावे, आणि ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक द्यावा.