लिपिड आणि रिसेप्टरवर पीएचडी सुरू करताय? माझा अनुभव

एमएस्सी करून पीएचडीला लागले तेव्हा लिपिड म्हणजे एनर्जी आणि मेंब्रेन, एवढंच डोक्यात होतं. इम्युनॉलॉजीत सगळे सायटोकाईन (सेल्समधले निरोप नेणारी प्रोटीन) पाठ करून घेतात, पण अ‍ॅरॅकिडोनिक अ‍ॅसिड या २० कार्बनच्या फॅटी अ‍ॅसिडपासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राईन बनतात आणि तेही इम्यून सेल्सना कुठे जायचं, कधी थांबायचं हे सांगतात, यावर फार कोणी थांबत नाही.

माझ्याकडे मॅक्रोफेज या इम्यून सेलवरचा ईपी४ आला, म्हणजे असा निरोप पकडणारा एक रिसेप्टर. पीजीई२ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई२, त्याचे ४ रिसेप्टर, ईपी१ ते ईपी४, त्यातले ईपी२ आणि ईपी४ दोन्ही सेलच्या आतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतात म्हणून वाचताना सारखेच वाटतात. पण पीजीई२ येऊन चिकटलं की ईपी४ काही मिनिटांत सेलच्या आत ओढला जातो आणि ईपी२ मात्र पृष्ठभागावर टिकून राहतो. हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. फ्लो सायटोमेट्रीत (अँटीबॉडीने रंगवलेल्या सेल्स एकेक करून मोजायचं तंत्र) अर्ध्या तासात ईपी४ चा सिग्नल पडलेला दिसला आणि मी लॅब मीटिंगमध्ये सांगून मोकळी झाले की जीनचं एक्स्प्रेशन कमी झालंय. सिनिअर ताईंनी एवढंच विचारलं, "सरफेस बघितलास की टोटल?" मग परमिअबिलाइज करून, म्हणजे मेंब्रेनला छिद्रं पाडून अँटीबॉडी आत जाऊ देऊन, स्टेन केलं तर रिसेप्टर सगळा आतच होता, एमआरएनए पण जागेवर, म्हणजे जीनचं एक्स्प्रेशन कमी झालंच नव्हतं. तीन महिने गेले यात, म्हणून सांगते, टाईम कोर्स पहिल्या दिवसापासून लावा, ५ मिनिटं, ३० मिनिटं, ६ तास, २४ तास, कारण मिनिटांत दिसणारी घट आणि दुसऱ्या दिवशी दिसणारी घट यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

अँटीबॉडी घेताना ती रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाला चिकटते की आतल्या शेपटीला ते डेटाशीटवर बघाच, शेपटीवाली असेल तर सरफेस स्टेनिंगला काही उपयोग नाही. चिकटलेल्या सेल्स ट्रिप्सिनने काढू नका, ते बाहेरचं प्रोटीन कापून टाकू शकतं. पीजीई२ इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तेवढंच इथेनॉल कंट्रोललाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅक्रोफेज स्वतःच पीजीई२ बनवतात, मीडियात चुकून थोडं एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक) आलं तर कॉक्स-२ हे पीजीई२ बनवण्यातलं एन्झाइम वाढून अजूनच, म्हणजे तुमचा अनट्रीटेड वेल (प्लेटमधला खळगा) खरंतर अनट्रीटेड नसतोच, त्यामुळे कॉक्स अडवणाऱ्या इंडोमेथासिनचा एक वेल ठेवा.

वाचायला सुरुवात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींपासून करा असं मला मनापासून वाटतं. जखमेजवळ पोचलेले न्यूट्रोफिल एलटीबी४ हे ल्युकोट्राईन सोडून मागच्यांना बोलावतात, ते येऊन अजून सोडतात आणि थवा जमतो, हे २०१३ साली उंदरांमध्ये लाइव्ह इमेजिंगने दाखवलं गेलं. मग हे थांबतं कसं? २०२१ च्या कामात दिसलं की न्यूट्रोफिलमधलं जीआरके२ हे एन्झाइम त्यांचेच रिसेप्टर बधिर करतं, म्हणून सिग्नल भरपूर असतानाच सेल्स थांबतात. जीआरके२ काढून टाकलं तर न्यूट्रोफिल फिरतच राहिले आणि बॅक्टेरियांना आवर घालणं उलट कमी झालं. तो पेपर वाचला त्या रात्री मी माझा जुना फ्लोचा डेटा परत उघडून बसले होते.