बँकेच्या फॉरेक्स दरपत्रकातली अक्षरं कशी वाचायची

मुलाची परदेशातली फी भरायची असो की आखातातून आलेले पैसे खात्यात घ्यायचे असोत, बँकेचं दरपत्रक आधी नीट वाचा. त्यात एकाच डॉलरचे पाच-सहा भाव दिसतात आणि नवखा माणूस नेमका चुकीचा भाव धरून हिशेब करतो.

‘टीटी’ म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तारखातं बंद झालं तरी नाव तेच राहिलं. खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशाचा हा भाव. ‘सीएन’ म्हणजे करन्सी नोट, अर्थात रोख नोटा; हा सहसा ग्राहकाला महाग पडतो. पुढे ‘बाय’ आणि ‘सेल’ असतं आणि खरी गफलत तिथेच होते. हे शब्द बँकेच्या बाजूने असतात, आपल्या नव्हे. आपण डॉलर घेतो तेव्हा बँक ते विकते, म्हणून फी पाठवताना ‘टीटी सेल’ बघायचा. बाहेरून पैसे आले तर ‘टीटी बाय’.

चलनांची तीन अक्षरं सोपी आहेत: पहिली दोन बहुधा देशाची, तिसरं चलनाचं. आयएनआर म्हणजे भारतीय रुपया, यूएसडी अमेरिकी डॉलर, जीबीपी ब्रिटिश पाउंड. सीएचएफ मात्र स्विस फ्रँक, कारण त्यातलं ‘सीएच’ स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावावरून आलंय. जेपीवाय, म्हणजे येनचा भाव आपल्याकडे बहुधा 100 येनला देतात, एकाला नव्हे.

‘यूएसडी/आयएनआर’ असं लिहिलं असेल तर आकडा एका डॉलरचे रुपये सांगतो. जीएसटी आणि बँकेचं शुल्क त्यात धरलेलं नसतं, ते वेगळं विचारा.